कालुंदर : खाडीकाठच्या माशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या काठाला. मागच्या अंगणातून सहा पायऱ्या उतरलं की पाणी. पाहुणे आले की चहाचा कप घेऊन त्या पायऱ्यांवर जाऊन बसतात आणि थोड्या वेळाने खाली बोट दाखवून विचारतात, "हा कुठला हो मासा?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, कालुंदर. पुढचे प्रश्नही ठरलेले. लोक ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने ते खाली लिहिलेत, म्हणून खाण्याचा प्रश्न जरा लवकर आलाय.

कालुंदर म्हणजे नेमका कुठला मासा?

तळहाताएवढा, उंचीला जास्त आणि दोन्ही बाजूंनी चपटा. लांबून पाहिला तर पापलेटाचा खवलेवाला भाऊ वाटावा. रंग राखाडी-हिरवट, अंगावर आठेक काळसर उभे पट्टे, छातीच्या पराच्या मुळाशी एक काळा डाग. पण खरी ओळख खवल्यांवरची. बऱ्याच खवल्यांवर मध्यभागी मोत्यासारखा पांढरा ठिपका असतो. ऊन तिरपं पडलं आणि मासा जरा कुशीवर वळला की ते ठिपके एकदम चमकतात. त्यावरूनच इंग्रजीत त्याला पर्लस्पॉट म्हणतात. मत्स्यटाकीवाले ग्रीन क्रोमाइड म्हणतात, केरळात करिमीन, ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी कुंडल. शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस.

बाजारात येतो तो साधारण वीतभर किंवा त्याहून लहान. नोंदी ४० सेंटिमीटरपर्यंतच्या आहेत, पण तेवढा मी आजवर पाहिलेला नाही.

खायला कसा? काटे फार असतात का?

चांगला. मांस पांढरं, घट्ट, तळल्यावर सुटं न होणारं. काटे आहेत, पण मोठे आहेत, त्यामुळे सापडतात. लहान मुलांना देताना पाठीकडचा भाग द्यावा. खरा त्रास साफ करताना होतो. खवले दाट आणि चिवट, पाठीवर आणि पोटाखाली टोकदार काट्यांची रांग. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवलात तर रक्त निघतंच. आमच्याकडे आधी कात्रीने वरची-खालची झालर कापून टाकतात आणि मगच मासा विळीवर घेतात.

मालवणी मसाला, हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून अर्धा तास ठेवायचा, रव्यात घोळवून तव्यावर तळायचा. कोणी तिरफळं घालून तिखलं करतात. ओल्या नारळाच्या दाट आमटीत मला तो आवडत नाही. चव हरवते. घरातल्या बाकी मंडळींचं मत वेगळं आहे.

कधी कधी चिखलाचा वास येतो, तो मासा शिळा म्हणून का?

नाही. शिळ्या माशाचा वास वेगळा. हा मातीचा, पहिल्या पावसासारखा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. साचलेल्या पाण्यातले काही जिवाणू आणि नीलहरित शेवाळ ते तयार करतात आणि माशाच्या अंगात ते मुरतं. म्हणून वाहत्या खाडीतल्या कालुंदरापेक्षा कोंडलेल्या तळ्यातल्याला तो वास जास्त. आंबट पदार्थाने जिओस्मिन विघटित होतं. आज्या माशाला आगळ किंवा लिंबू चोळायला सांगायच्या, त्यामागे हे रसायनशास्त्र होतं. त्यांना ते नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

हा गोड्या पाण्याचा मासा की खाडीचा?

दोन्हीचा, आणि हाच त्याचा मोठा गुण. खाडीचं निमखारं पाणी त्याला सगळ्यात मानवतं. पण तो नदीत वरपर्यंत जातो, तळ्यात-तलावात राहतो, आणि मुखाजवळच्या चांगल्याच खाऱ्या पाण्यातही तग धरतो. कोकणातल्या खाड्यांचा स्वभाव बघितला तर हे किती उपयोगी आहे ते कळतं. मे महिन्यात समुद्राचं पाणी खाडीत आत आत सरकतं, आणि आषाढात तीच खाडी लाल, गोड पाण्याने दुथडी वाहते. वर्षातून दोनदा घराची हवाच बदलते म्हणा ना. ज्यांना हे सोसत नाही ते मासे वर किंवा खाली निघून जातात. कालुंदर मुक्कामाला असतो.

त्याचं कूळ मात्र मूळ गोड्या पाण्यातलं धरलं जातं. त्याचे जगभरातले बहुतेक नातेवाईक नद्या-सरोवरांत राहतात.

चिलापी (तिलापिया) आणि कालुंदर एकच का? बाजारात दोन्ही सारखेच दिसतात.

एक नाहीत, आणि या प्रश्नावर मी स्वतः पैसे घालवलेत. काही वर्षांपूर्वी घाईत असताना "कालुंदर हा, ताजो हा" असं ऐकून एक वाटा उचलला आणि घरी येऊन पिशवी उघडली तर सगळ्या चिलापी. चूक माझीही होती. मोजायला दोन मिनिटं थांबलो नव्हतो.

मोजायचं काय, तर पोटाखालच्या, शेपटीजवळच्या पराचे काटे. चिलापीला तिथे तीन काटे असतात. कालुंदराला बारा-तेरा. त्या परात जणू फणीच बसवलेली असते. अंगठा फिरवला तर न बघताही कळतं. एट्रोप्लस हे नाव त्यावरूनच पडलंय. ग्रीक भाषेत 'एट्रॉन' म्हणजे पोट आणि 'होप्लॉन' म्हणजे हत्यार. पोटाखाली हत्यार बाळगणारा. शिवाय कालुंदर जास्त गोल-उंच, तोंड लहान, आणि मोत्याचे ठिपके चिलापीला नसतात.

गंमत अशी की दोघे लांबचे नातलग आहेत, एकाच कुळातले. चिलापी आफ्रिकेतली. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली, तळ्यांत भरपूर आणि स्वस्त मासळी मिळावी म्हणून. आता ती कुठे नाही ते विचारा. कालुंदर इथलाच.

सिक्लिड हा शब्द सारखा ऐकू येतो. ते काय?

त्या कुळाचं नाव. सतराशेहून जास्त जाती वर्णन झालेल्या आहेत. बहुतेक आफ्रिकेत, त्यातही व्हिक्टोरिया, मलावी, टांगानिका या मोठ्या सरोवरांत, आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत. दुकानातल्या काचेच्या टाकीत एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न पाहिलेत ना, ते सगळे सिक्लिड.

ओळखायची एक खूण आहे, पुढच्या वेळी मासळी घेताना बघा. बहुतेक माशांना नाकपुडीची प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात, सिक्लिडांना एकच. आणखी एक खूण आत घशात असते. चावायला जबड्यांची दुसरी जोडी. पुढच्या जबड्याने ओरबाडायचं आणि घशातल्याने वाटायचं, म्हणजे एकाच तोंडात विळी आणि पाटा-वरवंटा.

एवढ्या सतराशे जातींपैकी भारताच्या मूळच्या फक्त तीन. एक आपला कालुंदर. दुसरा नारिंगी क्रोमाइड, स्यूडेट्रोप्लस मॅक्युलॅटस, बोटभर लांबीचा. तिसरा एट्रोप्लस कॅनॅरेन्सिस, दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, ज्याचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७७ साली केलं.

याचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत असं वाचलं. इतक्या लांब कसे?

हा प्रश्न विचारणारा पाहुणा मला फार आवडतो. त्याला दुसरा चहा मिळतो.

हो, खरं आहे. कालुंदराचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेच्या सरोवरांत नाहीत. ते मादागास्कर बेटावर आहेत, पॅरेट्रोप्लस नावाच्या वंशात. आपले तीन आणि तिकडचे पॅरेट्रोप्लस मिळून एक शाखा होते, आणि ही शाखा कुळाच्या झाडावर अगदी बुंध्याजवळ फुटलेली आहे. बाकीचे सगळे सिक्लिड एकीकडे आणि ही फांदी एकीकडे.

याचा सोपा अर्थ अनेकांनी असा लावला की भारत आणि मादागास्कर जेव्हा एकाच भूभागात होते तेव्हाच यांचे पूर्वज तिथल्या नद्यांत होते. दोन्ही भूभाग साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. भारत उत्तरेकडे सरकत निघाला आणि मासे त्याच्या पाठीवर बसून आले. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झालाय तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. म्हणजे हे चित्र बरोबर असेल, तर आमच्या पायऱ्यांखालच्या माशाचं घराणं सह्याद्रीपेक्षा जुनं.

ऐकायला झकास आहे, पण याला एक मोठी अडचण आहे. सिक्लिडांचे आजवर सापडलेले सर्वांत जुने जीवाश्म टांझानियातले, साधारण ४.६ कोटी वर्षांपूर्वीचे. कूळ जर खरंच इतकं जुनं असेल, तर मधल्या काळातली हाडं कुठे गेली? म्हणून दुसरा गट म्हणतो, भूभाग सुटल्यानंतर हे मासे समुद्र ओलांडून पसरले. आणि कालुंदराची खारं पाणी सोसण्याची ताकद बघितली की ही शक्यताही उडवून लावता येत नाही. जनुकांवरून काळ मोजणाऱ्यांचेही निष्कर्ष दोन्ही बाजूंनी निघालेत. माझा कल विचाराल तर पहिल्या गोष्टीकडे आहे, पण तो गोष्ट सुंदर आहे म्हणून. पुरावा म्हणून तो धरू नका.

नावात सुरत कुठून आली?

बर्लिनचे डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी १७९० साली या माशाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'किटोडॉन सुराटेन्सिस', म्हणजे सुरतेचा. किटोडॉन हा समुद्रातल्या फुलपाखरू माशांचा वंश. चपटा आकार बघून त्यांनी याला तिकडे बसवला. पुढे वंश बदलला, सुरत तशीच राहिली. खरं तर मासा केरळ आणि श्रीलंकेत जितका आढळतो त्या मानाने सुरतेचा मान जरा जास्तच. नाव एकदा छापलं की सुटत नाही, माणसाचं काय आणि माशाचं काय.

खातो काय? गरीला, म्हणजे गळाला, काय लावावं?

मुख्यतः शेवाळ. दगडावर, तिवराच्या मुळांवर, होडीच्या तळाला जे तंतूंसारखं हिरवं शेवाळ धरतं ते. त्याचे दात चपटे आणि तीन टोकांचे असतात, खरवडायला तयार केलेले. जोडीला कुजलेला पाला, कीटकांच्या अळ्या, बारीक कोलंबी. पिल्लं लहान असताना पाण्यातले सूक्ष्म जीव खातात.

ओहोटीला पाणी उतरलं की आमच्या पायरीच्या दगडावर बारीक ओरखडे दिसतात, हिरव्या मखमलीवर कोणी नखाने रेघा ओढाव्यात तसे. ते यांचं काम.

गरीला आमच्याकडची मुलं कणकेची बारीक गोळी लावतात किंवा गांडूळ. तोंड लहान असतं, म्हणून गरी लहान हवी. मोठी गरी लावून बसणारे लोक दिवसभर आमिष खाऊ घालत राहतात.

हा मासा पिल्लांना सांभाळतो म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं, आणि माझ्या मते कालुंदराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

रोहूसारखा मासा लाखांनी अंडी सोडतो आणि निघून जातो. जगतील ती जगतील. कालुंदराची मादी त्या मानाने फार थोडी अंडी घालते, हिशेब लाखांत जातच नाही. पण घातलेल्या प्रत्येक अंड्यामागे नर आणि मादी, दोघंही उभे राहतात.

गेल्या खेपेला आमच्या पायऱ्यांजवळ माडाच्या झावळीचा एक जाड देठ पाण्यात अडकून पडला होता. एक जोडी तिथे घुटमळायला लागली. दोन दिवस दोघं त्या देठाची एकच बाजू तोंडाने खरवडत होते, शेवाळाचा कण राहू द्यायचा नाही असं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या साफ पट्ट्यावर पिवळसर ठिपके दिसले, ओळीत लावल्यासारखे. प्रत्येक अंडं बारीक देठाने लाकडाला चिकटलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात हलतं पण सुटत नाही. मग एकाने अंड्यांपाशी थांबायचं आणि छातीच्या परांनी वारा घालत राहायचं. वारा म्हणजे ताजं पाणी, अंड्यांना प्राणवायू मिळावा म्हणून. दुसऱ्याने फेरी मारायची. थोड्या वेळाने पाळी बदलायची. पांढरं पडलेलं, मेलेलं अंडं तोंडाने उचलून बाजूला काढायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. मी पायरीवर उकिडवा बसून तासभर बघितलं. त्या तासात देठ एकदाही बेवारस राहिला नाही. खेकडा जवळ आला तर फेरीवाला थेट अंगावर धावून जायचा.

उबदार पाण्यात साधारण चार दिवसांत अंडी फुटतात. तोवर आईबापांनी तळाच्या चिखलात लहान लहान खड्डे करून ठेवलेले असतात. पोहता न येणारी पिल्लं तोंडात धरून त्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. काही वेळा एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवतात. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते, तशातलाच प्रकार. आणखी काही दिवसांनी पिल्लं पोहायला लागली की एक धुरकट ढग आईबापांच्या मधोमध सरकताना दिसतो. हा ढग कित्येक आठवडे त्यांच्या सोबत असतो.

चिलापीचीही माया कमी नाही. तिची मादी अंडी तोंडातच धरते, पण मोझांबिक चिलापीचा नर पुढच्या कामात नसतो. इथे बाप शेवटपर्यंत हजर.

नर आणि मादी ओळखायचे कसे?

बाहेरून बघून जवळजवळ अशक्य. विणीच्या दिवसांत जवळून बघणाऱ्याला फरक कळतो, पण टोपलीतल्या माशावर पैज लावू नये.

विणीचा हंगाम कोणता?

एकच ठरलेला महिना नाही. केरळ आणि श्रीलंकेत वर्षातून दोन भर दिसतात, पावसाआधी आणि पावसानंतर. आमच्या पायऱ्यांखाली मी जोड्या पाहिल्या त्या दिवाळीनंतर आणि मग शिमग्याच्या पुढे-मागे. भर पावसात नाही. गढूळ पाण्यात अंड्यांवर गाळ बसतो, आणि नजर ठेवून राखण करणाऱ्या माशाला समोरचं दिसणार तरी काय? त्यामुळे वळगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात नदीतून वर चढणारे मासे पकडायला निघालेल्या लोकांनी कालुंदराची वाट बघत बसू नये. त्याचं वेळापत्रक वेगळं आहे.

नारिंगी क्रोमाइडचं आणि याचं काही नातं आहे का, एकत्र राहतात म्हणे?

दक्षिणेकडे, कर्नाटक-केरळ आणि श्रीलंकेच्या पाण्यात दोघं शेजारी असतात. शेजारधर्म मात्र अजब. नारिंगी क्रोमाइडची लहान मंडळी कालुंदराच्या अंगावरची, परांवरची बुरशी आणि परजीवी टिपून खातात. कालुंदर त्यासाठी शांत उभा राहतो. वायमन आणि वॉर्ड या दोघांनी १९७२ साली या सफाईबद्दल लिहिलं. पण हेच नारिंगी महाशय संधी मिळाली की कालुंदराची अंडी आणि पिल्लं फस्त करतात. म्हणजे सकाळी केस कापून देणारा न्हावी दुपारी घरात शिरून डबा पळवतो. कालुंदर त्याला कधी जवळ येऊ देतो, कधी हाकलतो. माझ्या ओळखीची काही घरं अशीच चालतात.

नारिंगीची पिल्लं आणखी एक करतात. आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात. दूध नव्हे, पण हेतू तोच.

गरी टाकताना बोलू नये म्हणतात. माशाला ऐकू येतं का?

येतं. काठावरच्या गप्पांचा आवाज हवेतून पाण्यात फारसा उतरत नाही, पण होडीत वल्हं आपटलं तर नक्की पोहोचतो. नारिंगी क्रोमाइडच्या पोटातल्या, तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीला पुढे दोन फाटे असतात आणि ते थेट आतल्या कानाला जाऊन भिडतात, त्यामुळे त्याला इतर अनेक सिक्लिडांपेक्षा चांगलं ऐकू येतं असं दिसून आलंय.

पकडतात कसा?

गरीने आणि पागाने. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, खांद्यावरून गिरकी देऊन ते असं फेकायचं की पाण्यावर ताटासारखं उघडलं पाहिजे. मी फेकलं की पोळपाटाएवढं उघडतं. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीपाशी (पाणी सोडायच्या दारापाशी), पाणी आत-बाहेर होताना, कालुंदर बरा मिळतो.

जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, मोठा हवा. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिल्लंही येतात आणि ती कोणाच्याच तव्यावर जात नाहीत, काठावर वाळतात.

विहिरीत सोडला तर जगेल का?

जगेल, पण मी केलं तसं करू नका. एका मे महिन्यात दुपारी खाडीतून सहा कालुंदर बादलीत घेतले आणि थेट विहिरीत ओतले. खारं पाणी सोसतो, गोडं सोसतो, मग अडचण काय, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी चार वर तरंगत होते. सोसतो म्हणजे हळूहळू सोसतो. अंगातला मिठाचा तोल बदलायला त्याला वेळ लागतो, आणि विहिरीचं पाणी तर थंडगार होतं.

पुढच्या वर्षी टबात खाडीचं पाणी घेऊन चार-पाच दिवस रोज थोडं थोडं विहिरीचं पाणी मिसळत गेलो, मग सोडले. ते राहिले. शेवाळ कमी झालं आणि डासांच्या अळ्याही खाल्ल्या असाव्यात. मात्र अळ्यांसाठी म्हणून कोणी कालुंदर सोडू नये, त्या कामाला गप्पी मासे बरे.

आणि एक. कालुंदर इथलाच आहे म्हणून हे लिहितोय. चिलापी, परदेशी मांगूर, टाकीतले नको झालेले मासे विहिरीत किंवा वहाळात अजिबात सोडू नका. पावसात विहीर भरून वाहिली की ते नदीत पोहोचतात.

याची शेती परवडते का?

घाईवाल्याला नाही. वर्षभर पाळून दीडशे ग्रॅमच्या आसपास. चिलापी त्याच वेळात कितीतरी पुढे जाते. जमेच्या बाजूला भाव बरा मिळतो, खाद्याचा खर्च कमी, आणि पाणी खारट-गोडं झालं तरी मासा घाबरत नाही. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या, तळ्यात मूळ पीक दुसरं ठेवून जोडीला कालुंदर, हे मला जास्त पटतं. पिंजऱ्यातही पाळतात. जाळीवरचं शेवाळ खाऊन तो जाळी साफ ठेवतो, हा वरकड फायदा.

बीज ही खरी अडचण. मघाशी सांगितलं तसं एका जोडीची अंडीच थोडी, शिवाय नर-मादी ओळखू येत नाहीत, त्यामुळे बरेच मासे एकत्र ठेवून त्यांना आपापल्या जोड्या जमवू द्याव्या लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने हॅचरीत बीज तयार करण्याची पद्धत बसवली आहे. अंडी किंवा पिल्लं काढून घेतली की जोडी पुन्हा लवकर विणीला येते, या स्वभावाचा उपयोग करून. रत्नागिरी जिल्ह्यात असाल तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन आधी चौकशी करा, पाण्याचा नमुना घेऊनच जा.

घरच्या काचेच्या टाकीत ठेवता येईल?

टाकी मोठी असेल तर. पाच-सहा एकत्र ठेवा, एकटा ठेवला तर बुजतो. टाकीतल्या वनस्पती तो खाऊन टाकेल, तक्रार करू नका. पाण्यात थोडं खडेमीठ मानवतं.

पूर्वीपेक्षा कमी झालाय का?

जगाच्या पातळीवर धोक्यातल्या यादीत तो नाही. पण "पूर्वी पायरीवर बसून टोपली भरायची" असं आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. म्हाताऱ्यांच्या आठवणीतले मासे नेहमीच मोठे असतात हे धरूनही, कारणं समोर दिसतात. तिवरं तोडून भराव झाला की शेवाळाची आणि लपायची जागा गेली. रेती उपसली की तळ हलतो, खड्डे करायला घट्ट चिखल राहत नाही, पाणी कायम गढूळ. नदीच्या कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे लोक आहेत, त्यात तर लहानमोठं काही सुटत नाही. शिवाय चिलापी त्याच शेवाळावर आणि त्याच जागांवर हक्क सांगते.

आणि राखण करणारी जोडी गरीला फार सोपी सापडते, कारण ती पळून जात नाही. अंगावर आलेल्या कुठल्याही वस्तूवर झडप घालते, त्यात गरीही आली. आईबाप टोपलीत गेले की मागे ठेवलेली पिल्लं तासाभरात संपतात. आमच्या शेजारचे एक आजोबा नातवाला ओरडताना मी ऐकलंय, "हय गरी टाकू नको रे, तेंची पिलां आसत!" आजोबांना सिक्लिड हा शब्द माहीत नाही.

केरळात याचं एवढं कौतुक आणि आपल्याकडे का नाही?

केरळने २०१० साली करिमीनला राज्यमासा केलं. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला करिमीन खायला पर्यटक मुद्दाम जातात. आपल्या राज्याने २०२३ साली पापलेटाला तो मान दिला, तक्रार नाही. कोकणात समोर अख्खा समुद्र आहे, सुरमई-पापलेट-बांगडा यांच्यापुढे खाडीच्या माशाला पाहुण्यांच्या ताटात जागा मिळत नाही. कालुंदर आपण घरच्यांसाठी आणतो. मालवणच्या हॉटेलात मागून बघा, वेटर आधी आत जाऊन विचारून येईल.

तुमच्याकडे आलो तर बघायला मिळेल का?

पाऊस संपून पाणी निवळलं की या, सकाळी, भरतीचं पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं असताना. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. आणि खिशात भाकरीचा तुकडा असू द्या, चुरा टाकला की पहिल्यांदा दुसरे बारीक मासे येतात, कालुंदर त्यांच्या मागून.